भोंगा, धोटा आणि नोटिफिकेशन : ‘लायक’ कामगार कोण ठरवतो?

‘लक्ष लागत नाही’ ही आजच्या तरुणांची मोठी तक्रार आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा असो, कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारी असो की दुचाकीवरून पार्सल पोहोचवणारा असो, फोनवर दर मिनिटाला काहीतरी येऊन पडत असते. त्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवण्यातच माणूस थकतो. मग सल्ले सुरू होतात. पहाटे उठा, मन एकाग्र करा, स्वतःला शिस्त लावा. थोडक्यात, दोष तुमच्यात आहे.

आम्हाला हा निष्कर्ष मान्य नाही आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. मुंबईच्या गिरणीपासून नागपूरच्या सफाई कामगाराच्या मनगटापर्यंत, प्रत्येक नव्या यंत्राबरोबर एक ‘लायक’ माणूस ठरवला गेला. त्या मापात जो बसला नाही त्याला आळशी, मठ्ठ, अपात्र म्हटले गेले. यंत्र ज्याच्या मालकीचे, माप त्याच्या हातात, हा नियम मात्र कायम राहिला. हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला तरच ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ या नव्या शब्दाचे आपण काय करायचे ते ठरवता येईल.

विजेच्या दिव्याने लांबवलेला दिवस

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. शेतात आणि गावकीत काम करणारा माणूस भोंग्याच्या हुकमाखाली आला. शेतातले काम कष्टाचे होतेच, गावकीतले तर अपमानाचेही होते. पण कामाची गती तिथे ऋतू ठरवत असे. गिरणीत ती इंजिन ठरवू लागले. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत माणूस यंत्राजवळ उभा राहिला पाहिजे, हा नवा नियम झाला.

या नियमाला पहिले संघटित आव्हान सत्यशोधक चळवळीतून मिळाले. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा घेतली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा, पगार वेळेवर. १८९० च्या एप्रिलमधल्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली आणि त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी निवांत झोपणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले. दिवा म्हणजे प्रगती असे आपल्याला शाळेत शिकवले जाते. गिरणीत मात्र दिव्याने सूर्यास्ताची मर्यादा काढून टाकली आणि कामाचा दिवस काही ठिकाणी चौदा-पंधरा तासांवर गेला. ओरड झाली तेव्हा १९०७ मध्ये सरकारी आयोग बसला. मालकपक्षाचा युक्तिवाद असा, की हिंदी कामगाराला सलग काम करण्याची सवयच नाही. तो वरचेवर यंत्र सोडून बाहेर जातो, विडी ओढतो, रेंगाळतो. मग तास जास्त असले तर बिघडले कुठे? म्हणजे ‘लक्ष लागत नाही’ ही तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती आधी मालकाने केली आहे. पंधरा तास यंत्राजवळ उभे राहणाऱ्या माणसाचे शरीर मध्ये मध्ये सुटका शोधते, ही साधी गोष्ट त्यात बसत नव्हती.

आयोगाच्या बहुमताला प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट बंधन नको होते. एका सदस्याने भिन्नमत नोंदवून मर्यादा हवीच असा आग्रह धरला. ते होते डॉ. टी. एम. नायर, जे पुढे मद्रासमध्ये ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पार्टीचे एक संस्थापक झाले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. दिवसाला मर्यादा घालण्याच्या लढ्यात लोखंडे आणि नायर हे दोघे वर्णव्यवस्थेविरुद्ध लढणाऱ्या परंपरांतून आले, हा योगायोग आम्ही मानत नाही. माणसाला जन्माने नेमून दिलेले काम नाकारणाऱ्यालाच यंत्राने नेमून दिलेला दिवस नाकारण्याचे सुचते.

धोट्याचे भोक आणि जातीचे दार

यंत्र सगळ्यांना सारखे राबवते, असा एक गोड गैरसमज आहे. मुंबईच्या गिरण्यांनी तो केव्हाच खोडून काढला. विणकाम खात्यात पगार चांगला होता. पण तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. त्यांची भरती मुख्यतः कमी पगाराच्या सूतकताईच्या कामांत होई. कारण दिले जाई ते धोट्याचे. कांडी संपली की नवी कांडी बसवायची आणि धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे, अशी पद्धत होती. एका कामगाराचा तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. सवर्ण कामगारांना या उष्ट्याचा विटाळ वाटत होता.

तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे तोवर जगात निघालेले होते. ओढणीच्या धोट्याने सगळ्याच विणकरांच्या तोंडात धूळ आणि रोग जात होता. म्हणजे यंत्र थोडे बदलले असते तर प्रत्येकाचे भले झाले असते. पण यंत्र बदलण्याऐवजी माणूस वगळला गेला. पुढच्या सगळ्या चर्चेसाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी : अडचण रचनेत असते आणि वगळला जातो तो माणूस.

१९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. संपामागचे एक मोठे कारण ‘कार्यक्षमते’च्या नव्या योजना हे होते : विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, कताईवाल्याने एका बाजूऐवजी दोन बाजू. तीन मागांवर एकाच वेळी नजर ठेवणे म्हणजे काय, हे आज एका हातात तीन-तीन ॲप सांभाळणाऱ्याला वेगळे सांगायला नको. या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे प्रश्न टाकला : विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी तुमच्या यादीत का नाही? नाखुशीने ती मागणी घेतली गेली. मालकांनी मात्र हा अन्याय असलाच तर त्याला आपण जबाबदार नाही म्हणून हात झटकले. मालक म्हणतो जात कामगारांची, कामगार म्हणतो खाते मालकाचे. दोघांच्या मध्ये दार बंदच.

यंत्र नको, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत

इथे एक फसवा रस्ता फुटतो. यंत्राने इतके हाल केले तर यंत्रच टाकून द्यावे, खेड्यात परत जावे, चरखा चालवावा. बाबासाहेबांनी हा रस्ता स्पष्ट नाकारला. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादी अर्थकारणाचा समाचार घेतला. यंत्र माणसाला पशूसारख्या श्रमातून सोडवते, फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती घडत नाही, ही त्यांची मांडणी आहे. दोष यंत्राचा नाही. यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे.

मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ या काळात त्यांनी हेच कायद्यात उतरवायला घेतले. १९३४ च्या कायद्याप्रमाणे बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तास काम चाले. १९४६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ४८ तासांवर आली. दिव्याने लांबवलेला दिवस कायद्याने आखूड केला.

पण आजच्या विषयासाठी याहून महत्त्वाचे आहे ते ‘जातिनिर्मूलन’. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यातला विचार आपण सगळे सांगतो. त्याच निबंधातला दुसरा विचार मात्र आपल्या सभांमध्ये क्वचित ऐकू येतो. चातुर्वर्ण्याचा समाचार घेताना बाबासाहेब प्लेटोकडे वळतात. प्लेटोने माणसांच्या स्वभावावरून समाजाचे तीन वर्ग पाडले होते. बाबासाहेबांचा आक्षेप असा, की प्लेटोला प्रत्येक व्यक्तीचे वेगळेपण दिसलेच नाही. माणसाच्या प्रवृत्ती आणि क्षमता इतक्या विविध असतात की त्यांना तीन-चार कप्प्यांत बसवणे हा उथळपणा आहे, असे ते आधुनिक विज्ञानाच्या आधारे सांगतात. हे १९३६ साली! मेंदूच्या विविधतेची भाषा जगाने बोलायला सुरुवात करण्याच्या साठ वर्षे आधी.

बुद्धीचे माप कुठून आले?

त्याच काळात पश्चिमेत माणसांसाठी नवे कप्पे तयार होत होते. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी शाळकरी मुलांसाठी एक कसोटी बनवली. हेतू चांगला होता : कोणत्या मुलांना जादा मदत लागेल ते शोधणे. ही कसोटी अमेरिकेत पोहोचली आणि तिचा उपयोग उलटा झाला. मदत कोणाला द्यायची याऐवजी दार कोणाला बंद करायचे हे तिच्यावरून ठरू लागले. बुद्धी जन्मजात आणि वंशाने ठरलेली आहे असे सांगणाऱ्या तज्ज्ञांनी कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित लोकांवर ‘मंदबुद्धी’चे शिक्के मारले. मापाची पट्टी नवी, पण तर्क आपल्या ओळखीचा : तुम्ही खाली आहात कारण तुम्ही खालचेच आहात.

कृष्णवर्णीयांनी हे मुकाट्याने सोसले नाही. कॅलिफोर्नियात पालक न्यायालयात गेले. बुद्ध्यांकाच्या चाचणीवरून कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात टाकणे हा भेदभाव आहे, असा निकाल १९७९ मध्ये लागला. आपल्याकडे बिनेच्या कसोटीचे मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर झाले. बिने-कामत या नावाने ती कसोटी अजून वापरात आहे. ती मुलाच्या शब्दसंपत्तीबद्दल काही सांगत असेल. पण त्या मुलाच्या घरात पुस्तक कधी पोहोचले, हे ती सांगत नाही.

‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द कोणाचा?

आता नव्या शब्दाकडे येऊ. न्यूरोडायव्हर्सिटी म्हणजे माणसांच्या मेंदूंची विविधता. कोणाला अक्षरे ओळखणे जड जाते. त्याला डिस्लेक्सिया म्हणतात. कोणाचे लक्ष झपाट्याने इकडून तिकडे जाते. त्याला एडीएचडी म्हणतात. कोणाला गोंगाट, प्रखर उजेड, सूचक बोलणे यांचा त्रास होतो, पण एका विषयात तासन्‌तास बुडून जाता येते. ऑटिझम असलेल्या अनेकांचा हा अनुभव असतो. या सगळ्यांना केवळ बिघाड मानू नका, माणसांमधल्या फरकांचा भाग माना आणि शाळा, कार्यालये त्यांना सामावतील अशी बदला, असे ही चळवळ म्हणते. १९९० च्या दशकात ऑटिझम असलेल्या माणसांच्या आपापसांतल्या संवादातून ही मांडणी आकाराला आली. ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्राच्या अभ्यासक ज्युडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात हा शब्द वापरला.

या मांडणीचे एक मूळ अपंगांच्या हक्क चळवळीत आहे. माणूस पायऱ्या चढू शकत नाही, कारण तिथे उतार बांधलेला नाही. अपंगत्व समाजाच्या रचनेतून तयार होते, असे १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी म्हटले. त्यांच्यात व्हिक फिंकेलस्टाइन हे एक प्रमुख नाव होते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढताना त्यांनी तुरुंगवास भोगला होता आणि नंतर ते ब्रिटनमध्ये आश्रयाला आले होते. तिथे रंगावरून बंद केलेली दारे त्यांनी पाहिली होती; इथे शरीरावरून बंद झालेली दारे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. म्हणून हा शब्द कंपन्यांच्या एचआर विभागाने शोधला, असा समज कोणी करून घेऊ नये. तो लढ्यातून आला आहे. कंपन्यांनी तो नंतर उचलला.

एक सावधगिरी मात्र हवी. कंपन्यांच्या ‘डायव्हर्सिटी’च्या फलकावर हल्ली सगळे फरक एका रांगेत लावलेले दिसतात. आम्ही स्पष्ट सांगतो : जात ही विविधता नाही. मेंदूचे वेगळेपण जपायचे असते, जात नष्ट करायची असते. दोघांना एकाच कप्प्यात टाकणारा माणूस एकतर भोळा आहे किंवा लबाड.

पूर आला की सखल वस्ती आधी बुडते

ज्यांच्या पूर्वजांना अक्षराची बंदी होती त्यांना ‘माहिती फार झाली’ ही तक्रार विचित्र वाटू शकते. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. तो माहितीच्या दुष्काळाचा काळ होता. आज पूर आहे. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच इशारा दिला होता की माहिती वाढते तसतसा माणसाच्या लक्षाचा तुटवडा पडतो. पण पुराचे पाणी सगळ्यांच्या घरात सारखे शिरत नाही. ज्याला स्वतःची खोली आहे, इंग्रजी येते आणि काय गाळायचे ते सांगणारे वडीलधारे घरात आहेत, तो उंचावर आहे. दहा बाय दहाच्या खोलीत, एका सामायिक फोनवर भरतीची जाहिरात, बनावट जाहिरात, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख आणि द्वेषाचे व्हिडिओ एकत्र येतात, तिथे पाणी आधी शिरते.

कामाच्या ठिकाणीही तेच. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कारण सांगितले बोगस हजेरीचे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या माथी आहे, हे दीक्षाभूमीच्या शहरात सांगायला नको. गटारात उतरणाऱ्या माणसाऐवजी यंत्र आणायला आपल्या व्यवस्थेने दशके लावली; त्या माणसावर नजर ठेवणारे यंत्र मात्र झटपट आले. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट होते आणि माहिती भरायचे ॲप इंग्रजीत होते. कुपोषित मूल शोधणारी, घराघरांत जाऊन आईला समजावणारी बाई इंग्रजी रकान्यांपुढे ‘अकार्यक्षम’ ठरत होती. धोटा तोच, फक्त काचेचा झाला.

आणि तास? बाबासाहेबांच्या काळात कायद्याने आखूड केलेला दिवस पुन्हा लांबवला जातो आहे. आठवड्याला सत्तर तास राबा असे उद्योगपती सांगतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर नेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. शिवाय घरी आल्यावर ग्रुपवरचे हुकूम चालूच. विजेच्या दिव्याने सूर्यास्त काढून घेतला. फोनने दारच काढून घेतले.

कागद कोणाला मिळतो, शिवी कोणाला?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यात ऑटिझम तसेच विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश झाला. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आले. वाजवी सोयी देणे हे बंधन झाले. एडीएचडीला मात्र या यादीत स्वतंत्र स्थान नाही.

कायदा झाला तरी प्रश्न उरतो तो तपासणीचा. वस्तीत काम करताना आम्हाला एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. सुखवस्तू घरातल्या मुलाला वाचन जमले नाही तर त्याला समुपदेशक मिळतो, प्रमाणपत्र मिळते, परीक्षेत जादा वेळ मिळतो. वस्तीतल्या मुलाला जमले नाही तर त्याला ‘ढ’ म्हणतात आणि वर ‘तुमच्याकडे अभ्यासाचे वातावरणच नाही’ असे ऐकवतात. हा नुसता पूर्वग्रह नाही. तो व्याख्येतही शिरलेला आहे. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्यातच लिहिलेले आहे की सांस्कृतिक किंवा आर्थिक वंचिततेमुळे आलेली अडचण अध्ययन अक्षमतेत मोजायची नाही. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटते. पण गरीब मुलाला डिस्लेक्सियाही असू शकतो. त्याची अडचण मात्र गरिबीच्या खात्यात टाकली जाते आणि तो नववी-दहावीत शाळेबाहेर पडतो. मग तो कुठे जातो? जिथे वाचावे लागत नाही आणि बापजाद्यांनी जे केले, त्याच कामावर. जात अशी स्वतःची भरती करून घेते.

‘आधी जातीचा प्रश्न सोडवू, मेंदूचे हे लाड उच्चवर्णीयांचे आहेत,’ असे आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात. १९२८ मध्ये कामगार पुढारीही बाबासाहेबांना जवळपास हेच सांगत होते : आधी पगाराचे बघू, विणकाम खात्याचे नंतर. त्यांना मिळालेले उत्तर आपल्यालाही लागू आहे. जो आपल्यातल्याच माणसाला दाराबाहेर ठेवतो त्याची एकजूट अर्धी असते. वस्तीतला जो मुलगा सभेत एका जागी बसत नाही, जी मुलगी कोणाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही, त्यांच्यासाठी आपल्या विहारात आणि अभ्यासिकेत जागा आहे का?

म्हणून आमच्या मागण्या ठोस आहेत. अध्ययन अक्षमता आणि ऑटिझमची तपासणी मराठीत, मोफत आणि तालुका पातळीवर व्हावी. सफाई, अंगणवाडी, आशा या कामांत ॲप आणायचे तर ते कामगारांच्या भाषेत, त्यांच्या संघटनांशी बोलून आणावे. अंगावर बांधायची पाळत यंत्रणा बंद करावी. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क कायद्यात यावा. सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलेले आहे, त्यावर आपल्या संघटनांनी भूमिका घ्यावी. आणि सुरुवात स्वतःपासून करावी. अभ्यासिकेत एक शांत कोपरा, सूचना कमी आणि लेखी, ग्रुपवर दिवसाला ठरावीक वेळीच संदेश, वाचायला जड जाणाऱ्यासाठी मोठ्याने वाचणारा एक सोबती. यातल्या कशालाही सरकारी आदेश लागत नाही.

लोखंड्यांनी आठवड्यातला एक दिवस परत मिळवला. बाबासाहेबांनी आठवड्यातले सहा तास परत मिळवले. आपल्या पिढीला आपले लक्ष परत मिळवायचे आहे, आणि तेही एकेकट्याने पहाटे उठून मिळणार नाही. जयभीम!